बक्कल चालतं, अंगठी नाही?

अहो,

तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात तुमचं धातू शोधायचं मशीन घेऊन मीच माळावर चाललेय. दर रविवारी जमिनीतली जुनी नाणी शोधायला निघण्याआधी तुम्ही लग्नाची अंगठी काढून बशीत ठेवता. का, तर म्हणे अंगावर धातू असला की मशीन उगाच ओरडतं. मला पटलंही होतं. पण काल खुंटीवरच्या तुमच्या रविवारच्या पँटजवळ मशीन नेलं, तर पट्ट्याच्या बक्कलवर नुसतं बोंबललं! आणि चिखलासाठी घेतलेले गमबूट अजून कोरे करकरीत कसे?

ते मी घातलेत, वर नाडीचा पायजमा. चहा झाकून ठेवलाय.

माझीही अंगठी काढून बशीत तुमच्या अंगठीशेजारी ठेवलीय. मशीन उगाच ओरडायला नको.