लग्नाच्या दिवसाची गोळी

प्रिय सुकेशनी,

जयभीम. फोनच केला असता, पण बोलता बोलता गोळीचा असर उतरला की माझा आवाज एवढा बारीक होतो की तू सारखं काय म्हणालीस, काय म्हणालीस विचारतेस आणि माझं डोकं फिरतं. आत्ता गोळी चढलीय, हात चालायलाय, तेवढ्यात लिहून घेते. अक्षर नाचलं तर हसू नकोस. जन्मभर पोरांची वळणं सुधारणाऱ्या बाईची ही गत!

इकडं बोरीत सगळं ठीक. पप्पा तुझ्या लग्नाची तयारी करायलेत, म्हणजे दिवसभर मंडपवाल्याशी भांडायलेत. माझी पांढरी साडी इस्त्री होऊन आली. त्या साडीत मी स्टेजवर कशी उभी राहणार, एवढाच प्रश्न उरलाय.

कंपवाताच्या या गोळ्यांशी माझं बरंच जमलंय. वरणासोबत घेतली तर लागू पडत नाही, रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं. म्हणून कोरडी भाकर मोडून तिच्यावर घेते, डाळ-अंडी रात्रीवर ढकललीत. तोंड वाळतं, तर खडीसाखर चघळते. जमत नाही ते हलण्याशी. गोळी चढली की मान, खांदे, कंबर आपोआप घुमायला लागतात. थांबवू म्हटलं तर जास्तच.

मागच्या आठवड्यात दळण घेऊन गिरणीत बसले होते. शेजारच्या छबूबाईनं मला घुमताना पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि सरळ माझ्या पायावर डोकं ठेवून विचारलं, माय, सुनंचा पाळणा कधी हलंल? अगं, मला! अंगात येणं थोतांड हाय म्हणून गावभर भांडलेल्या बाईला! मी म्हटलं, बये, देवी न्हाई, गोळी आलीय अंगात. तर म्हणती कशी, लय कडक गोळी दिसती, एखादी मलाबी द्या. सगळी गिरणी हसली, मीही हसले. घरी येऊन मात्र रडले. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, त्याचं शेवटी लिहिते.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी अर्धी केली. पप्पांना सांगितलं नाही. हलणं थांबलं गं, खरंच थांबलं. आरशात जुनी सत्यशीला दिसली. पण दुपारी न्हाणीच्या उंबऱ्यात पाय चिकटले ते चिकटलेच. पुढं ना मागं. नळ वाहत होता आणि हाक मारावी तर आवाज फुटेना. पप्पा आले, त्यांनी कसंबसं पलंगावर आणलं आणि मग जे चिडले! डॉक्टरांनीही फोनवर झापलं, मनानं गोळी कमी करायचीच नाही म्हणून. आता त्यांनी डोस लहान करून जास्त वेळा वाटून दिलाय. हलणं जरा कमी झालंय. पुरतं जाईल असं ते म्हणाले नाहीत.

सुकू, हे सगळं का लिहितेय ते तुला कळलं असेल. त्या संध्याकाळी तू हळूच विचारलंस, आई, लग्नाच्या दिवशी गोळी जरा कमी घेतली तर चालेल का, सोनपेठची, सिद्धोधनकडची पाहुणे मंडळी असतील, व्हिडिओ असेल. मी हो म्हणाले. मला ते लागलं, फार लागलं. तुझ्यावर रागावता आलं नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. पण आता तो होकार परत घेते. गोळी कमी केली तर फोटोत मी छान दिसेन, पण तुला जवळ घ्यायला हात उचलणार नाहीत आणि पंचशील म्हणताना माझा आवाज तुला ऐकू येणार नाही. म्हणून पूर्ण गोळी घेऊनच येणार. हलेन. चालत नसेल तर स्पष्ट सांग, मी घरी थांबते, पप्पांना काहीतरी कारण सांगेन. चालत असेल, तर सिद्धोधनच्या आईला आधी तूच सांगून ठेव, की माझी आई अशीच येणार आहे.

तुझीच, हलती असो की थिजलेली,
आई