ऑस्करचा श्रावण

आषाढ अमावास्या, संध्याकाळ

गिळली. टाकीतल्या ऑस्कर माशाने शेवटी विकतच्या खाद्याची गोळी गिळली.

उद्यापासून श्रावण. "घरात कोळंबी येणार नाही. दुसरं काही खात नसेल तर मासा दुकानात परत दे," असं यांनी बजावलं होतं. मला.

आठवडाभर मी कोळंबीत गोळी खुपसून देत होते. पठ्ठ्या कोळंबी खायचा आणि गोळी थुंकायचा. आज कोळंबीच्या पाण्यात भिजवलेली नुसती गोळी टाकली. थुंकली. पुन्हा घेतली, पुन्हा थुंकली. मी कॉन्व्हेंटात प्रार्थनेला उभी राहायचे तशी उभी. आणि गिळली.

हे ताटातली सुरमई निवडत म्हणाले, "चला, एक तरी सुधारला."

"तो महिना पाळेल हो. गेल्या श्रावणात इराण्याकडे आमलेट कोणी खाल्लं?"

यांनी घाईघाईने सुरमईचा घास तोंडात टाकला. ऑस्कर कुठेही जात नाही.