माझ्याच विद्यार्थ्यांचा दुसरा स्टॉल

५ जानेवारी, रविवार
अंबडची नोकरी सोडल्याचा आज पहिल्यांदा अभिमान वाटला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'बाल उद्योजक' वर्ग सुरू. विद्यार्थी : तेजल, आयुष, ओम आणि आमची वेदिका. विषय : लीडरशिप. पूर्ण वेळ मीच बोललो. मुलं एकदम गप्प. भारावली असावीत.

८ जानेवारी
सोसायटीच्या २६ जानेवारीच्या मेळाव्यात मुलांनी स्टॉल लावायचा. काय विकायचं ते मी ठरवलं : नागलीची, म्हणजे नाचणीची बिस्किटं. नागली थेट सुरगाण्याहून आणली. रेसिपी माझी.

१२ जानेवारी
बिस्किटं किंचित कडक. आयुष म्हणाला, "काका, माझा दात हलला." हलायचंच वय आहे त्याचं. तेजल म्हणाली, "लोकांना काय हवंय, ते विचारून येऊ का?" म्हटलं, जरूर. बिस्किटंच म्हणतील.

१९ जानेवारी
वर्गाला कुणीच नाही. बायको पल्लवी म्हणाली, "अहो, सगळी गच्चीवर आहेत. काहीतरी ठरवतायत." विक्रीचा सराव असणार. मुद्दाम वर गेलो नाही. लीडरने विश्वास टाकायचा असतो.

२६ जानेवारी, सकाळी
आज इतिहास घडणार.

दुपारी
दगा! चौघांनी समोरच वेगळा स्टॉल लावला. 'आजी-आजोबा, मोबाईल शिका.' रांग पार जिन्यापर्यंत. आणि रांगेत सर्वांत पुढे कोण? माझी आई. सख्खी. माझ्या टेबलाशी मी आणि बिस्किटं.
वेदिकाला बाजूला घेऊन विचारलं, "निदान बापाला आधी सांगायचं तरी!"
"कितीदा सांगायला आले, बाबा. तुम्ही बोलत होता."
घशात काहीतरी अडकलं. बिस्किटच असावं.

२७ जानेवारी
निर्णय पक्का. चौघांनाही वर्गातून काढणार. तसा कडक मेसेज लिहिला. वर्गाच्या ग्रुपवर जाईचना. खाली ओम भेटला. त्याला फोन दाखवला.
"काका, ग्रुपमधून तुम्हालाच काढलंय."
"कुणी?"
"ॲडमिननी."
ॲडमिन म्हणजे आमची वेदिका. रात्री जेवताना तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही.

२८ जानेवारी
नवा ग्रुप काढणार. नवी, निष्ठावंत मुलं. कसा काढतात, एवढंच विचारायला गच्चीवर गेलो. मोबाईलची शिकवणी आता रोज संध्याकाळी तिथेच असते.
"शिकवते की," वेदिका म्हणाली. "पण नंबरानं. आजीचं आधी होऊ दे."
आई बाकावर थोडी सरकली. बसलो.