दार उघडायचं की नाही

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. कथास्पर्धेला पाठवलेलं तुझं प्रकरण पोचलं. मी परीक्षक आहे हे ठाऊक असून पाठवलंस, त्या धाडसाला शाबासकी. पण बाई, ही कथांची स्पर्धा आहे. पडद्यावर दोन ओळी वाचायच्या, 'दार उघडा', 'उघडू नका' असलं एखादं बटण दाबायचं, की पुढच्या दोन ओळी. याला गोष्ट म्हणायचं तर लिफ्टला कादंबरी म्हणावं लागेल. तिथेही बटणं असतात आणि माणसं वर-खाली होतात. जेवायला बसलेल्याच्या हातात लाटणं देण्यातला प्रकार!

बरं, एवढं करून हाती काय? म्हातारा बेल वाजवतो, ताटकळतो, कठड्याला टांगलेली छत्री विसरून जिना उतरतो. संपलं. 'खेळ' असा शेरा मारून बाद करतो आहे. दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारतेस, तेच काम बरं.

आहे तेवढ्या लोभासह,
दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

लिफ्टचा विनोद वहिनीला ऐकव. हसेल, तिला सवय आहे.

माझ्या गोष्टीला सात शेवट आहेत. दार उघडलं तर म्हातारा आत येऊन मनसोक्त बोलतो. वहिनीने पहिल्याच बेलला उघडलं, आमच्या डॉक्टरीणबाईंनीही. छत्रीचा शेवट हवा असेल तर आधी 'दाराच्या भिंगातून बघा' दाबावं लागतं. म्हणजे तू बघितलंस, ओळखलंस, आणि उघडलं नाहीस.

बाबा वारायच्या आधी तुमचं दोघांचं वाजलं होतं, तेव्हा ते तुझ्याकडे जाऊन माझ्याकडे आले, बिनछत्रीचे. तू घरी नव्हतास म्हणाले. मी मानलं. वहिनी माहेरी होती, विचारणार कुणाला?

आणि दादा, छत्री कुठे राहिली हे मी लिहिलेलंच नाही. मला ते माहीत नव्हतं. कठडा तुझा.

आता शेरा खुशाल मार. लोभाचं तूच ठरव, दोन्ही बटणं समोर आहेत.

धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. (सवयीने)

तुझं पत्र म्हणजे दुष्टपणाचा उत्तम नमुना. तेच स्पर्धेला पाठवायचंस.

दार उघडलं. म्हातारा आत आला, पाय पुसले, खुर्ची का हलवली म्हणून कुरकुरला. मी तिरकं उत्तर दिलं. त्याचंही बटण ठेवलं आहेस, धन्य तुझी! तर तो हसला. बाबा माझ्या बोलण्याला कधी हसले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा उघडलं. कामाला दांडी मारून दिवसभर उघडत बसलो. तुझ्या वहिनीने विचारलं, एवढं काय वाचताय? म्हटलं, खेळतोय.

तेव्हा शेरा कायम. डाव पुन्हा मांडता येतो तो खेळ. गोष्टीत बेल एकदाच वाजते.

छत्री मागू नकोस, मिळणार नाही. त्या दिवशी बाबांची पावलं खाली गेल्यावर मी दार उघडलं होतं. तेवढं बटण तुझ्या खेळात नाही.

दादा