पाहुण्याची पिसं

१८ नोव्हेंबर १९८८, शुक्रवार
लूमला सुट्टी. भिवंडीच्या निजामपुऱ्यात रद्दीवाल्याकडे बसलो असता आयुष्य बदलून गेलं. एक जाडं इंग्रजी पुस्तक मिळालं. वरच्या चित्रात एक साहेब कंबरभर पाण्यात उभा, तोंडात पाइप, हातात लांब काठी, हॅटला रंगीत किडे टोचलेले. ते किडे खरे नव्हेत. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अलगद टाकायची, मासा तिला खरी समजून गिळतो. गांडुळं नकोत, कणीक नको, हात घाण नाहीत. हा माझाच खेळ, हे पहिल्या पानावर कळलं.
पुस्तक अर्धंच आहे. माशी बांधायची कशी ते सगळं आहे, टाकायची कशी ते नाही. रद्दीवाला म्हणाला, पीछे का आधा चनेवाला ले गया. हरकत नाही. टाकायला अक्कल काय लागते?
लडकूशेठच्या फोल्डिंग खात्यात मी कापडाच्या ताग्यांतले दोष काढतो. तुटका धागा माझ्या नजरेतून सुटत नाही. अशा माणसाला माशी म्हणजे किस झाड की पत्ती.
संकल्प : बुद्धपौर्णिमेच्या आत एक ट्राउट. हा साहेबाचा मासा, थंड पाण्यात राहतो. आपल्या तलावाचं पाणी सकाळी चांगलंच गार असतं.

२० नोव्हेंबर, रविवार
बकुळाला संकल्प सांगितला. ती म्हणाली, विहारात डोळे मिटून पाणातिपाता म्हणता, जीव मारणार नाही म्हणता, आणि बुद्धपौर्णिमेला मासा? बायकांना साहेबाची पद्धत ठाऊक नसते. साहेब मासा पकडून, त्याच्याकडे बघून, परत सोडतो. शील शाबूत.
मग रात्री काय खायचं, असं तिने विचारलं. चर्चा तिथेच थांबवली.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार
पडघ्याच्या वरच्या पाड्यावरून सखी आणि चिंतू आले. सखी बकुळाची लहानपणापासूनची मैत्रीण, चिंतू तिचा नवरा. दोघंही वीटभट्टीवर चाललेत, ते एकदम वैशाखात परतणार. सोबत मुलगी चंद्रा आणि काखेत एक लाल कोंबडा. चंद्रा गेल्या पावसात तापाने जायची वाचली, तेव्हा सखीने गावदेवाला कोंबडा बोलला. तो हा. अंगावर खोट नसलेलाच लागतो म्हणे. भट्टीवर कुत्री फार, म्हणून तोवर आमच्याकडे. सखी मला म्हणाली, दाजी, ह्याच्या पिसालापन धक्का लागाया नको, पोरीचा नवस हाय. बकुळाने तिचे हात धरून शब्द दिला.
बकुळा त्याला पाहुणा म्हणते. गच्चीवर बांधलाय.
पुस्तकात पान नऊवर लिहिलंय : उत्तम माशीसाठी लाल कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात. मी काही म्हणत नाही. योगायोग लिहून ठेवला.

२ डिसेंबर, शुक्रवार
बाजारातल्या चिकनवाल्याकडे गेलो. सगळी पांढरी, मेंगळट. त्यांच्या पिसांत जीव नाही. तो म्हणाला, साब, मुर्गी में भी जान नहीं बची, पर में कहाँ से आएगी.
संध्याकाळी गच्चीवर गेलो. पाहुण्याची दोन पिसं घेतली. फक्त दोन. त्यालाही विशेष वाटलं नसावं, एकदाच ओरडला.

९ डिसेंबर, शुक्रवार
पहिली माशी तयार! लूमखालचं टाकाऊ रेयॉन, थोडी जर, पाहुण्याचं पीस. शेगड्यात, म्हणजे छोट्या चापात, गळ पकडून बांधली. इतकी हुबेहूब की बकुळाने चपलेने मारली. याहून मोठी पावती ती काय? दुसरी बांधली. त्यासाठी थोडी पिसं अजून.

६ जानेवारी १९८९, शुक्रवार
बकुळाने पाहुण्याची मान बघितली. फार बोलली. मी शांतपणे मुद्दा मांडला : आपण बौद्ध. नवस-सायास मानत नाही. तेव्हा नवसाचा कोंबडा आणि साधा कोंबडा यांत आपल्यासाठी तत्त्वतः फरक नाही.
ती म्हणाली, नवस मानू नका, शब्द तरी माना. आणि अदिन्नादानाचं काय? न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं शील नुसतं म्हणायलाच का?
यावर उत्तर होतं, पण तिने जेवायला वाढलं नव्हतं.
संकल्प : पाहुण्याला यापुढे हात नाही. पिसं काय, परत येतातच.

२० जानेवारी, शुक्रवार
गळून पडलेलं पीस उचलणं म्हणजे हात लावणं नव्हे. काही पिसं गळायच्या बेतात होती. त्यांना मदत केली.
तलावावर पहिला प्रयोग. बांबूची काठी, नायलॉनची दोरी. माशी उडाली आणि मागच्या बाईच्या वाळत घातलेल्या साडीत बसली. साडी ओढली तर बाई आली. बाईच्या मागे अजून दोघी. टाकायचा अर्धा भाग मिळवायला हवा.

१० फेब्रुवारी, शुक्रवार
चणेवाल्याकडून रोज चणे घेतो. पोट बिघडलंय, पण आज पुडीला आपल्याच पुस्तकाचं पान निघालं! अर्धं फाटलेलं. एकच ओळ पूर्ण : नेहमी दहा आणि दोन यांच्यामध्येच राहा. सगळा उलगडा झाला. मी सकाळी सातला जात होतो, मासा येणार कुठून? त्याची वेळच दहा ते दोन.
शेठकडे हाफ-डे मागितला. कारण : सासूबाईंची प्रकृती. सासूबाई ठणठणीत आहेत, पण वय झालंय.

१७ मार्च, शुक्रवार
महिनाभर जमेल तेव्हा दहा ते दोन उन्हात. नाक सोललं. तलावाकाठचा महादू, जो रोज जाळं वाळवत बसतो, म्हणाला, राघोभाऊ, या टायमाला मासाच काय, म्हसपन पान्याभायेर न्हाय यायची. मी हसलो. जाळंवाल्यांना माशीचं शास्त्र कुठून कळणार.
त्यालाही काही मिळालं नाही, हे मात्र नमूद करतो.
घरी पाहुण्याची मान पूर्ण उघडी दिसते. उन्हाळा आहे, त्याला बरंच वाटत असेल. आता शेपटीच्या पिसांकडे वळलो आहे. त्यांची पाखं उत्तम होतात.

२९ मार्च, बुधवार
गंभीर प्रसंग. ड्युटीवर जेवणाच्या सुट्टीत माशी बांधत होतो, ती एका ताग्यात राहिली. तागा पास झाला. सही माझी. मुंबईच्या व्यापाऱ्याने कापडावरून हात फिरवला आणि गळ बोटात. लडकूशेठने बोलावून घेतलं. म्हणाला, राघो, तुला दोष काढायला ठेवलाय का घालायला? मग पकड दिली आणि सगळ्या माशांच्या गळांची टोकं समोर बसवून कापून घेतली. एकाही माशीला टोक म्हणून उरलं नाही.
सुरुवातीला वाईट वाटलं. मग घरी येताना लख्ख प्रकाश पडला. टोक नसलेल्या गळाने मासा मरूच शकत नाही! पहिलं शील आता कोणाच्या बापाला मोडता येणार नाही. बुद्धपौर्णिमेला योग्य असा हा जगातला पहिलाच खेळ असावा.
बकुळा म्हणाली, मासा लागणारच नसेल तर जाता कशाला? तिला तत्त्वज्ञान समजत नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार
जयंती. मिरवणुकीत होतो. आज तलाव नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. तरी शर्टाच्या खिशाला एक माशी लावली होती. दोघांनी झटकली.

२१ एप्रिल, शुक्रवार
चण्यांत आणखी एक पान. साहेबाचं चित्र आणि त्याच्यामागे मोठं घड्याळ काढलेलं. काठी पुढे दहाच्या आकड्यापर्यंत, मागे दोनच्या आकड्यापर्यंत. म्हणजे दहा ते दोन हे हाताचं होतं, वेळेचं नव्हतं.
तरी उन्हाचा काहीतरी फायदा झालाच असणार.

२७ एप्रिल, गुरुवार
बकुळाच्या आईचा निरोप : सखी आणि चिंतू भट्टीवरून पुढच्या आठवड्यात निघतायत. बकुळा गच्चीवर गेली. बराच वेळ खाली आली नाही. मी वर गेलो तर पाहुण्याला मांडीवर घेऊन बसली होती. रडत होती. म्हणाली, सखीने पोरगी वाचली म्हणून हा दिला माझ्याकडे. मी तिला तोंड कसं दाखवू?
पाहुण्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मान उघडी, शेपूट उघडं, मधे थोडासा कोंबडा. मला खरोखर लाज वाटली. रात्री जेवलो नाही. फार नाही, पोळी एकच घेतली.
मार्ग काढलाच पाहिजे. आणि तो मलाच निघेल. पिसं बांधायची विद्या भिवंडीत दुसऱ्या कोणाकडे आहे?

५ मे, शुक्रवार
महान काम पूर्ण. चिकनवाल्याकडून पिशवीभर पांढरी पिसं. डाइंगवाल्याकडून लाल पावडर. पातेल्यात उकळून पिसं रंगवली (पातेलं आता लाल आहे, कायमचं). मग पाहुण्याच्या उरलेल्या खुंटांवर मेणाच्या दोऱ्याने एकेक पीस बांधलं, माशीच्याच गाठीने. मानेला रेयॉनची झालर. जरीची तार थोडीशीच, डोळ्यांत भरू नये म्हणून.
लांबून अस्सल. जवळून लग्नाच्या बँडमधला बिगुलवाला. पण नवसाच्या वेळी एवढ्या जवळून कोण बघतं?
बकुळा बघत राहिली. हसू की रडू कळेना असं तिचं तोंड झालं. मी ते कौतुक धरलं.

१० मे, बुधवार
सखी आली. पाहुण्याला उचललं, पाठीवरून हात फिरवला. हात लाल झाला. शेपटीचं एक पीस सुटून तिच्या बोटांत राहिलं. तिने ते उलटं-सुलटं पाहिलं, दोऱ्याची गाठ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, दाजी, माजा कोंबरा नवरदेव केलाव का? मी उन्हाळ्याचं कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं नाही.
बकुळाने सगळं सांगून टाकलं. एकही गोष्ट सोडली नाही, तागाही नाही. तिने माफी मागितली, तेव्हा सखीने ते सुटलेलं पीस पदराच्या गाठीत बांधलं. मग म्हणाली, बाय, ह्यो चालंल का न्हाय ते म्या कोन सांगनार? देवालाच इचारू. तुमी दोगंबी या.
त्यांच्यात रीत अशी : कोंबड्यापुढे तांदूळ टाकायचे. त्याने टिपले तर देवाला मंजूर. मग काय! पाहुणा तांदळावर तुटून पडतो. सकाळपासून उपाशी ठेवला की झालं. मी निर्धास्त आहे.

१२ मे, शुक्रवार
पाड्यावर जायला साहेबासारखी टोपी घातली. तीवर माझी सर्वोत्तम माशी लावली, पहिल्या दिवशी घेतलेल्या दोन पिसांपैकी एकाची. टोक अर्थातच नाही. आज प्रतिष्ठेचा दिवस, साजेसं काही हवं.
देवाच्या दगडापुढे सगळा पाडा जमला. चिंतूने पाहुण्याला खाली ठेवलं, पुढे तांदूळ टाकले. मी नीट बघायला उकिडवा बसलो, मान पुढे केली.
पाहुण्याने तांदळाकडे पाहिलं नाही. त्याने माझ्या टोपीकडे पाहिलं. मान तिरकी केली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि पंख पसरून, म्हणजे जेवढे होते तेवढे, थेट माझ्या डोक्यावर. टोपी उडाली. माशी त्याच्या चोचीत. दोनदा आपटली, मान वर केली, गिळली. तांदूळ जसेच्या तसे.
पहिली हसली ती चंद्रा. इतकी हसली की आईच्या पदराला धरून खाली बसली. मग सगळा पाडा. सखीसुद्धा, डोळे पुसत. चिंतू म्हणाला, देव न्हाय म्हनला, दाजी. आता ह्यो तुमचाच.
बकुळाला मात्र हसू आलं नाही. तिने सखीला बाजूला नेलं. पुढच्या वैशाखापर्यंत नवा कोंबडा ती स्वतः वाढवून देणार. नवस तोवर नारळावर थांबलाय. सखीने मान हलवली, पण जाताना बकुळाचे हात धरले नाहीत. येताना एसटीत बकुळा खिडकीबाहेर बघत होती. पाहुणा माझ्या मांडीवर होता. पडघ्यापासून भिवंडीपर्यंत ती एवढंच म्हणाली : त्याला पाणी पाजा.

२० मे, शनिवार
बुद्धपौर्णिमा. विहारात गेलो. दुसऱ्या शीलाच्या वेळी बकुळाने माझ्याकडे बघितलं. मी ते मोठ्याने म्हटलं.
संकल्पाचा हिशेब : ट्राउट नाही. रोहू नाही. बेडूकही नाही. एवढ्या महिन्यांत माझी माशी खरी समजून खाल्ली एकाच जीवाने, आणि तो आता गच्चीवर बसून पहाटे आरवतो. शेजारी माझ्याशी बोलत नाहीत. त्याला पिसं फुटतायत, हळूहळू, आपली आपण.
शेगडा, दोरा, कात्री बकुळाने माहेरी पाठवली. पुस्तक चणेवाल्याला दिलं. त्याने बदल्यात पुडी दिली.
नवसासाठी नवं पिल्लूही आलं. लाल. बकुळाने मला शपथ घातली आहे, ती मी पाळणार.
मानेवर आत्तापासूनच काय चमक आहे! नुसतं लिहून ठेवतो.