विषय: वाढदिवस

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१५
नवी वही. आधी समास आखला. आता मुद्द्याचं.
काल मुलाचा फोन. नातीचा सातवा वाढदिवस अठ्ठावीसला. मी काही बोलायच्या आत मागून सूनबाईचा आवाज: आईंना सांग, या वर्षी ऑनलाइनच मागवा, ते लोक छान पॅक करून थेट घरी पाठवतात, उगाच त्यांना त्रास. त्रास म्हणे! सरळ सांगा ना, गेल्या वर्षीची बाहुली अजून घशात अडकली आहे. बाहुलीचा एक पाय कागदाबाहेर आला होता. एकच. दुसरा शेवटपर्यंत आत होता, हे कोणी बोलत नाही.
मी पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं काढली. शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. दोरी सैल, परत. कोपरा फाटका, परत. लोक माझ्या काउंटरला चळचळा कापत. तिथल्या बोर्डावर अजून माझ्या सहीचं सर्क्युलर आहे. आणि मला पॅकिंग शिकवणार ही?
संकल्प: गिफ्ट रॅपिंग शिकायचं. शिकायचं म्हणजे हात साफ करायचा, येतं तर आहेच. वीस तारखेला पार्सल रवाना. चार दिवसांत पोचतं. चार दिवस हाताशी.

३ सप्टेंबर, मंगळवार
भेटवस्तू घेतली. नातीने खिडकीत कुंडी ठेवली आहे. पेल्याने पाणी घालते, निम्मं फरशीवर. हे तिनेच सांगितलं, फार मोठं गुपित असल्यासारखं. म्हणून झारी. पत्र्याची, हिरवी, लांब नळीची. दुकानदाराने विचारलं, खोक्यात घालून देऊ? नको म्हटलं. खोक्याला कागद काय, कोणीही लावेल.

४ सप्टेंबर, बुधवार. दुपारी
झारीला कागद लावला. बँडेज बांधलेलं बदक दिसतंय.
कागद निकृष्ट.

४ सप्टेंबर. संध्याकाळी
दुसरा कागद. बदकाची तब्येत बिघडली.
शाळेत वह्यांना ब्राऊन पेपर घालण्यात मी सलग चार वर्षं पहिली. सिस्टर माझी वही सगळ्या वर्गांतून फिरवायच्या. बघा, याला म्हणतात नीटनेस. पण वहीला नळी नसते.
घरातल्या भेटी बांधायचं काम ह्यांच्याकडे असे. मी शेजारी उभी राहून सूचना देत असे. म्हणजे निम्म्याहून जास्त काम माझंच. हे गेल्यापासून फक्त हातांचा भाग तेवढा राहिला आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार
कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. तिथली बाई गिफ्ट बांधून देते. चाळिशीची असेल, गळ्यात मोजपट्टीऐवजी रिबनींची गुंडाळी. तिचं नाव मी रिबनवाली ठेवलं आहे. एका गिऱ्हाइकाचं खोकं तिने माझ्यासमोर बांधलं. पट्टी नाही, पेन्सिल नाही. कागदावर खोकं ठेवलं, डोळे बारीक केले, कात्री सरकन. गप्पाही चालूच. मी तिथेच सांगितलं, बाई, माप न घेता कापणं ही बेशिस्त आहे. ती हसली. म्हणाली, मावशी, बसा ना, शिकवते.
मी शिकायला आले नव्हते. इन्स्पेक्शनला आले होते. पण उभं राहून गुडघा दुखतो, म्हणून बसले. दीड तास.
ती म्हणते झारी खोक्यात घाला. मी म्हटलं, बघू.

६ सप्टेंबर, शुक्रवार
झारी खोक्यात घातली. माझीच कल्पना.

९ सप्टेंबर, सोमवार
रोज एक वस्तू बांधायची, असं वेळापत्रक केलं. आजवर बांधलेलं: चहाचा डबा, शिवणाचा डबा, डिक्शनरी, ब्लडप्रेशरचं मशीन. डिक्शनरी उत्तम. बाकीच्यांचे शेवटचे कोपरे आडमुठे. एक घडी आत गेली की दुसरी बाहेर येते, सासुरवाडीला रुसलेल्या जावयासारखी.
चार वाजता चहाची वेळ. डबा उघडावा लागला. रिबन सोडताना क्षणभर उगाच उत्सुकता वाटली, आत काय असेल म्हणून. चहाच होता.

१० सप्टेंबर, मंगळवार
आज दुकानात पुन्हा. टेप घ्यायचा होता.

११ सप्टेंबर, बुधवार
टेप बदलायचा होता.

१२ सप्टेंबर, गुरुवार
रिबनवालीने मला तीन वेळा एकच घडी घालायला लावली. मी रोज पट्टीने खोक्याची लांबी मोजते, रुंदी मोजते आणि उंची विसरते. ती म्हणाली, मावशी, खोकं कागदावर आडवं लोळवून बघायचं, तेच सांगतं किती कागद लागतो. तिला मी ऐकवलं, मी एकतीस वर्षं पार्सलं तपासली आहेत. ती म्हणाली, तपासलीत ना? बांधलीत किती?
उद्धट. उद्यापासून तिच्याकडे पाऊल टाकणार नाही.
नंतर हळूच विचारते, मावशी, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, माझं घर तुडुंब भरलेलं आहे. खोटं नाही. जिन्याखालपर्यंत खोकी आहेत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
कात्री तिच्याकडे विसरली होती. जावंच लागलं.

१५ सप्टेंबर, रविवार
रविवारी दुकान बंद असतं हे मला ठाऊक होतं. तरी चालत तिथपर्यंत गेले. व्यायाम म्हणून. शटरवर कोणीतरी चिखलाचा हात उमटवलाय. रुमालाने पुसला.

१६ सप्टेंबर, सोमवार
दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप हवा होता, ह्यांचा ड्रॉवर उघडला. टेप मिळाला. खाली एका पाकिटात इस्त्री केल्यासारख्या सपाट रिबनी, रंगांप्रमाणे लावलेल्या. प्रत्येक भेटीची उघडून झालेली रिबन हे जपून ठेवत होते आणि पुन्हा वापरत होते. बत्तीस वर्षांत मला पत्ता नाही. मी समजत होते, मी सांगते त्या रंगाची नवी आणतात.
कंजूष माणूस.
लाल रिबन घेतली. बाकीच्या परत तशाच लावल्या. लाल गेल्यामुळे पिवळी एकटी पडली, तिला निळीकडे सरकवलं.

१८ सप्टेंबर, बुधवार. दुपारी
अकरावा प्रयत्न. एक कोपरा फुगलेला. बाकी तीन निर्दोष. फुगलेला कोपरा खाली ठेवला तर दिसत नाही.
दिसतो. मला दिसतो.

१९ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३.२०
झालं!
चौदावा. खोकं लोळवून माप घेतलं. कडा नखाने दाबत गेले. हे असेच दाबायचे आणि मी म्हणायचे, लवकर आटपा, कागदाची मालिश नंतर करा. आता कळतं, मालिशच हवी. चारही कोपरे असे बसलेत की सिस्टरांनी अख्ख्या शाळेत फिरवलं असतं. लाल रिबन मधोमध. उजव्या कोपऱ्यात चौकोनी लेबल, लाल शाईची बॉर्डर:
नाव: (पूर्ण नाव, आडनावासह)
इयत्ता: दुसरी
विषय: वाढदिवस
थेट दुकानात नेऊन दाखवलं. रिबनवालीने चहूबाजूंनी फिरवून पाहिलं आणि झेरॉक्स मशीनपाशी उभ्या गिऱ्हाइकालाही दाखवलं. म्हणाली, मावशी, आता माझं दुकान बंद पडणार. मग लेबल वाचून इतकी हसली की डोळे पुसले. यात हसण्यासारखं काय?
येताना तीनदा थांबले. दम लागला म्हणून नव्हे. खोकं उन्हात कसं दिसतं ते बघायला.

२० सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी दहाला पार्सल ऑफिस. खास साडी. दरवाजा ढकलताच काउंटरवर जांभई. म्हणजे माझ्या हाताखाली जांभया देत देत तयार झालेला. नाव मीच ठेवलं होतं. आता केस पिकलेत आणि सुपरवायझर आहे. मला बघून उभा राहिला. मॅडम, तुम्ही? खुर्ची दिली. पार्सल हातात घेऊन म्हणाला, वा, कोणी बांधलं? मी म्हटलं, कोणी म्हणजे?
मग त्याने घसा खाकरला. मॅडम, हे उघडावं लागेल.
मी म्हटलं, का? आत झारी आहे.
तो म्हणाला, असेलच हो. पण... आणि मागे बोर्डाकडे बोट केलं. पिवळा पडलेला कागद. भेटवस्तूचे वेष्टन काउंटरवर उघडून आतील वस्तू दाखवावी. अपवाद नाही. खाली सही. माझी. एका पार्सलमधली शाईची बाटली फुटून तेरा पार्सलं निळी झाली होती, त्यानंतर काढलं होतं. अपवाद नाही, याखाली रेघही मीच ओढली होती.
त्याला म्हटलं, मी आहे ना, मी सांगते. तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, मॅडम, तुम्हीच शिकवलंत, तोंड बघून नियम बदलायचा नाही.
शहाणा.
मग म्हणाला, जपून टेप काढतो, झारी बघतो, पुन्हा जशीच्या तशी बांधतो. याने बांधायची? याच्या हाताखालून गेलेली पार्सलं मी पाहिली आहेत, कंबर मोडलेल्या उशा. त्याने सुरी काढली. सुरीचं टोक लाल रिबनखाली गेलं आणि मला भलतंच आठवलं. कधीतरी एक बाई माझ्या काउंटरवर होती. म्हणाली होती, हळू उघडा हो, तीन दिवस लागलेत. मी म्हटलं होतं, बाई, लाइन मोठी आहे.
आज माझ्या मागेही लाइन होती.
खोकं ओढून घेतलं आणि बाहेर आले. तो दारापर्यंत मागे आला, मॅडम, मॅडम करत. माझा रुमाल खाली पडला होता तो द्यायला.

२१ सप्टेंबर, शनिवार. सकाळी
रात्रभर काही सुचलं नाही, पहाटे सुचलं. पोस्टाची गरजच काय? मीच घेऊन जाते. बसने नऊ तास. पार्सल मांडीवर. दार वाजवेन, नात उघडेल. माळ्यावरून बॅग काढली. झटकली. वीस शिंका.
संकल्प: अठ्ठावीसला प्रत्यक्ष हजर.

२१ सप्टेंबर. दुपारी
मुलाला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, बरं झालं केलास, इथे नुसती धांदल आहे, हिचे आईबाबा आलेत पंधरा दिवसांसाठी, मी हॉलमध्ये झोपतो. तू काय म्हणत होतीस?
मी म्हटलं, काही नाही, पार्सल कालच रवाना केलं, एवढंच सांगायला.
बॅग माळ्यावर ठेवली. उतरवण्यापेक्षा चढवणं सोपं गेलं.

२३ सप्टेंबर, सोमवार
अजूनही वेळ आहे. जांभईकडे जावं, उघडू द्यावं, झारी निघेल. पंधराव्यांदा बांधता येईल. हातात वळण आलं आहे.
पार्सल टेबलावर आहे. संध्याकाळी पाचला खिडकीतून ऊन येतं ते बरोबर लेबलवर पडतं.
उद्या जाईन.

२४ सप्टेंबर, मंगळवार
गुडघा.

२५ सप्टेंबर, बुधवार
मुलाचा फोन. आई, ट्रॅकिंग नंबर दे, कुठवर आलंय बघतो. मी म्हटलं, पावती पर्समध्ये आहे. तो म्हणाला, मग बघ ना. मी म्हटलं, पर्स कपाटात आहे. तो म्हणाला, मग कपाट उघड. मी म्हटलं, किल्ली सापडत नाही.  तो म्हणाला, असू दे आई, येईल. मागे सूनबाई काहीतरी विचारत होती. काय ते ऐकू आलं नाही.
आता गेले तरी पोचणार नाही. प्रश्न मिटला. एका अर्थी बरंच.

२८ सप्टेंबर, शनिवार. दुपारी १२.४०
अकराला व्हिडिओ कॉल. मी साडेदहापासून फोनसमोर बसले होते, चष्मा पुसत. काय बोलायचं ते ठरवलं होतं: पार्सल ऑफिसचा कारभार पूर्वीसारखा राहिला नाही, वगैरे.
स्क्रीनवर नात. दोन्ही हातांत झारी. निळी, प्लॅस्टिकची, नळीवर फुलाचं तोंड. ओरडत होती, आजी, तुझं गिफ्ट आलं! आई म्हणाली, आजीचंच आहे! आजी, कागद इतका छान होता की मला फाडवेना, आईने हळूहळू सोडवला. रिबन पण गोल गोल. तू केलंस?
नातीचं कुंडीचं गुपित फक्त मला ठाऊक आहे असं मी समजत होते. पेला आणि फरशी सूनबाईलाही दिसत असणार. पुसते तीच.
मी म्हटलं, चौदा वेळा केलं तेव्हा जमलं.
नात म्हणाली, चौदा! आणि कॅमेरा हलला. मागे सूनबाई उभी होती. माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. मीही नाही. सात-आठ वर्षांत आमचं इतकं पटलं नव्हतं. मग ती नातीला म्हणाली, चल, आजीला कुंडी दाखव, पाणी घालून दाखव. नातीने दाखवलं. एक थेंब सांडला नाही.
नंतर केक कापायचा होता, फोन ठेवला. सहा मिनिटं.

२८ सप्टेंबर. संध्याकाळी ५
ऊन लेबलवर आलं आहे. सोमवारी रिबनवालीने विचारलं तर सांगायचं, नातीला फार आवडलं, फाडवेना म्हणाली. खरंच तर आहे.
पार्सल उचलून कपाटात ठेवायला निघाले. आत काय आहे ते मला ठाऊक आहे. तरी कानाशी धरून हलवून पाहिलं.