मागणं आपल्याला जमत नाही, असं नाही

१ ऑक्टोबर, सकाळी ६
राजीनामा मंजूर. सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आता समाजसेवा. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घराला ‘संस्थापक-संचालक’ पाटी लावली. चोपड्यापलीकडच्या पाड्यावरची तेवीस मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, शाळा बुडते. यंदा ती गावातच राहतील. सांभाळणार पाड्यावरचीच सोनीबाई, जेवणाचा निधी आणणार मी. दोन महिने म्हणजे भरपूर.

१२ ऑक्टोबर
प्रपोजल पान ४१. तळटीपा बाकी. सोनीबाईचा फोन, धान्य कधी येणार? म्हटलं, आधी सैद्धांतिक चौकट पक्की होऊ दे.

२९ ऑक्टोबर
डाळमिलवाले प्रेमराजशेठ. पाच मिनिटं दिली होती, अठ्ठेचाळीस घेतली. तासाची सवय. शेवटी शेठ म्हणाले, बठ्ठं भारी शे सर, पन मी काय करू? सगळंच भारी, आणि वर किती चिंतनशील प्रश्न! म्हटलं, विचार करा.
घरी ज्योत्स्नाने विचारलं, पैसे मागितले का? बायकोला फंडरेझिंग कळत नाही. समोरच्याला आतून वाटलं पाहिजे.

१४ नोव्हेंबर
कुणालाच आतून वाटलेलं नाही. नवी स्ट्रॅटेजी: मळ्यात भरीत पार्टी. जळगावचा माणूस भरिताला नाही म्हणत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
पासष्ट माणसं! जेवणाआधी प्रोजेक्टरवर चौकट मांडली. सगळे भरिताच्या पातेल्याकडे बघत होते, पण टाळ्या जोरात. पुऱ्या संपल्यावर प्रेमराजशेठनी चेकबुक काढलं, किती लिहू? मी हात धरला. आज तुम्ही पाहुणे, आमच्या मळ्यात जेवायला आलेल्याकडून पैसे घेऊ? शेठनी दोनदा आग्रह केला. मी ठाम. मग बाकीच्यांनीही पाकिटं आत ठेवली. केवढा आदर!
वांग्यांचं बिल पीएफमधून.

२६ नोव्हेंबर
शेठ फोन उचलत नाहीत. विचार चालू असणार. सोनीबाई म्हणाली, परवा मुकादमाचा ट्रक येतोय, पोरं ठेवायची का? म्हटलं, आठवडाभर थांबव. ती म्हणाली, ट्रक थांबत नाही सर.

२९ नोव्हेंबर
पाड्यावर गेलो. बहुतेक दारं बंद. तेवीसच्या तेवीस मुलं गेली.
सोनीबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिने चहा केला, मग आतून गाठोडं आणलं. ज्वारी आणि तूर. सरांची नोकरी गेली असं कुणीतरी सांगितलं, म्हणून निघताना प्रत्येक घराने ओंजळभर ठेवलंय, म्हणाली.
फार लाज वाटली. नको म्हणायचं होतं. स्कूटरला बांधून घेऊन आलो.
ज्योत्स्नाने गाठोडं सोडलं. तूर निवडायला बसली.